अडलेल्या पावलांना तालुक्यातच आधार हवा

खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मुख्य लोहमार्ग जलंबवरून गेला आणि वऱ्हाडातील ही नामांकित बाजारपेठ काही मैल बाजूला राहिली. कापसाच्या गाठी जलंबपर्यंत वाहून नेण्याचा व्याप तत्कालीन सरकारने व्यापाऱ्यांच्या माथी ठेवला नाही. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटासा फाटा टाकून आगगाडी थेट कापसाच्या दारात आणली गेली. इंग्रजांचा त्यात स्वार्थ होता, हे उघडच आहे. परंतु ज्या गोष्टीचे मोल वाटते, तिच्या दारापर्यंत व्यवस्था नेली जाते, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

आज त्याच खामगाव तालुक्यातील एखादे मूल वर्षाचे होऊनही बसत नाही, दोन वर्षांचे होऊनही पाऊल टाकत नाही, तेव्हा त्याच्या दारापर्यंत काय पोहोचते? तालुक्याच्या गावांत फिजिओथेरपीचे दवाखाने अलीकडे दिसू लागले आहेत. पण तेथील बहुतांश काम गुडघेदुखी, कंबरदुखी, अपघातानंतरचे आखडलेले सांधे यांचे असते. लहान मुलांच्या हालचालींवर विशेष काम करणारे उपचारक प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटले आहेत. परिणामी मूल कडेवर घेऊन आईबापांनाच अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कधी थेट मुंबई गाठावी लागते. काही फेऱ्यांनंतर पैसा संपतो, रजा संपते, उमेदही संपते. उपचार थांबतो आणि मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे निघून जातात.

'चालेल उशिरा' या दिलाशाची मर्यादा

मूल उशिरा बसू लागले, की घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, "काळजी करू नका, याचा बापही उशिराच चालला होता." अनेकदा हा धीर खरा ठरतो. प्रत्येक मुलाच्या वाढीचा वेग निराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या पाहणीवरून २००६ साली काही कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत, तर एकट्याने चालण्याचा काळ आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला आहे. म्हणजे वाट पाहण्यास वाव आहे, पण त्या वावालाही शेवट आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावयाचे, एवढीच काय ती सवलत.

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नसतात. चार महिन्यांनंतरही मान सावरली जात नाही, मुठी सतत घट्ट मिटलेल्या राहतात, उभे धरले असता पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटते, दूध गिळताना वारंवार ठसका लागतो, पहिल्या वाढदिवसाआधीच मूल एकच हात वापरू लागते, यांपैकी काहीही आढळल्यास बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यास एका महिन्याचाही विलंब करू नये. जन्मताच न रडलेली, कमी दिवसांची किंवा कमी वजनाची, काचेच्या पेटीत राहिलेली, तीव्र कावीळ झालेली, झटके आलेली बाळे तर पहिल्या दिवसापासून नजरेखाली असली पाहिजेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हालचालींतील प्रत्येक विलंबामागे मेंदूची इजा असतेच असे नाही. थायरॉइडची जन्मजात कमतरता, स्नायूंचे विकार, डाऊन सिंड्रोम, दृष्टिदोष, कुपोषण अशी कितीतरी कारणे असू शकतात आणि त्यांतील काही औषधाने आटोक्यात येणारी आहेत. म्हणूनच आधी निदान, मग व्यायाम हा क्रम सोडता कामा नये.

तथापि, मुलांमधील हालचालींच्या कायमस्वरूपी अक्षमतेचे सर्वांत मोठे कारण मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी हे आहे. २०१७ साली जगभरातील तज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध संशोधन तपासून असे प्रतिपादन केले, की योग्य तपासण्या केल्यास हे निदान पाच-सहा महिन्यांच्या आत करता येते. पूर्वी त्यासाठी एक ते दोन वर्षे थांबण्याची रीत होती. हा फरक केवळ वैद्यकीय काटेकोरपणाचा नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदू ज्या वेगाने नवे जोड निर्माण करतो, तो वेग पुढे राहत नाही. इजा झालेल्या भागाचे काम काही प्रमाणात दुसऱ्या भागाने उचलण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक असते. 'चालेल उशिरा' म्हणत काढलेले एक वर्ष म्हणूनच पुढच्या पाच वर्षांनीही भरून निघत नाही.

उपचार म्हणजे नेमके काय?

हालचालींच्या उपचाराविषयी आपल्याकडे एक ढोबळ कल्पना रूढ आहे. मुलाला पलंगावर निजवावयाचे, कोणीतरी जाणकाराने त्याचे हातपाय ओढावयाचे, वाकवावयाचे, अर्ध्या तासाने घरी न्यावयाचे. या कल्पनेमुळे दुहेरी हानी होते. एक तर उपचार म्हणजे दुसऱ्याने करावयाची क्रिया असा समज होतो. दुसरे असे, की तो अर्धा तास संपला की घरातील उरलेले साडेतेवीस तास उपचाराबाहेरचे मानले जातात.

या शास्त्राचा प्रवास पाहिला म्हणजे समज बदलतो. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात कठीण प्रसूती आणि मुलांच्या अंगातील ताठरपणा यांचा संबंध वैद्यकांसमोर मांडला. पुढे नाझी राजवटीमुळे परागंदा होऊन लंडनमध्ये स्थिरावलेल्या बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने मुलाला योग्य रीतीने धरण्याची, वळविण्याची, उठविण्याची एक पद्धती उभी केली. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो यांनी उपचार आणि शिक्षण एकत्र गुंफले. अलीकडच्या काळात या सर्व पद्धतींची कसोशीने छाननी झाली. तीत जी बाब पुनःपुन्हा पुढे आली ती साधी आहे. मूल स्वतः प्रयत्न करते, त्याला हव्या असलेल्या गोष्टीसाठी प्रयत्न करते आणि तोच प्रयत्न रोज, अनेकदा, खऱ्याखुऱ्या परिस्थितीत करते, तेव्हा ते शिकते. नुसते हातपाय हलवून दिल्याने ते शिकत नाही. घरी आईवडिलांनी तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली राबविलेला सरावाचा कार्यक्रम परिणामकारक उपचारांत गणला जातो.

याचा अर्थ वऱ्हाडी घराच्या भाषेत असा. भाकरीचा तुकडा मुलाच्या तोंडात न भरवता त्याच्या चांगल्या-वाईट दोन्ही हातांच्या टप्प्यात ठेवणे हा उपचार आहे. आजीने पाय पसरून बसावे, मुलाला दोन पायांमध्ये पाठीला आधार देऊन बसवावे आणि समोर वाटी-चमचा ठेवावा, हाही उपचार आहे. ओसरीच्या पायरीला धरून उभे राहणे, आंघोळीच्या वेळी स्वतःचा हात स्वतः वर करणे, अंगणात भावंडांच्या खेळात बसून चेंडू ढकलणे, हे सारे उपचारच आहेत. मात्र कोणत्या मुलाला कसे बसवावे, कोणत्या सांध्याला जपावे, कोणती हालचाल टाळावी, हे ठरविण्यास जाणता तज्ज्ञ लागतो. घर हे प्रयोगाचे ठिकाण नव्हे. त्या मुलासाठी नेमकी आखणी करणारा, ती आईला शिकविणारा आणि दर काही दिवसांनी तपासून बदलणारा माणूस हवा.

आपल्या परंपरेतील पांगुळगाडा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्या लाकडी तिनचाकी गाड्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, भार स्वतः पेलते, पाऊल स्वतः टाकते. गाडा केवळ आधार देतो. बाजारात मिळणाऱ्या, मुलाला मधोमध बसविणाऱ्या प्लास्टिकच्या वॉकरमध्ये याच्या उलट घडते. मूल लोंबकळत सरकते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदी घातली, ती प्रामुख्याने अपघातांमुळे. पण चालणे शिकविण्याच्या कामीही त्यांचा लाभ नाही. अर्थात हालचालींत अडचण असलेल्या मुलाला पांगुळगाडाही तज्ज्ञाला विचारूनच द्यावा.

बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची आपली रीत अशीच जपण्याजोगी आहे. तिने अंग सैलावते, मूल व आजी यांच्यात जिव्हाळा वाढतो. पण केवळ मालिशीने मेंदू चालणे शिकत नाही, हे कुटुंबांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तितक्याच स्पष्टपणे मूलपेशींच्या इंजेक्शनांविषयीही सांगावयास हवे. सेरेब्रल पाल्सी बरी करून देतो, असे सांगत जाहिराती करणारे शहरोशहरी आढळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या व्याधीसाठी असा उपचार मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर देण्यास परवानगी नाही. शेत गहाण ठेवून ही इंजेक्शने घेणाऱ्या पित्याच्या मायेविषयी शंका नसते, पण त्याला वेळीच सावध करणारे कोणी भेटलेले नसते.

अंतराचा हिशेब

घरी रोज सराव आणि दर आठवड्याला तज्ज्ञाची तपासणी, असा उपचाराचा गाभा मान्य केला, की अंतराचा प्रश्न आपोआप पुढे येतो. खामगावहून जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा आणि शेजारचे अकोला ही दोन्ही गावे सुमारे पन्नास किलोमीटरवर आहेत. बुलढाण्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून, बोथ्याच्या घाटाने जातो. नागपूर तर तीनशे किलोमीटरच्या आसपास. लाखनवाडा किंवा पिंपळगाव राजा येथील शेतमजूर कुटुंबाने ताठ झालेले, पाठीला टेकू लागणारे मूल मांडीवर घेऊन आधी खामगाव, मग एस.टी. बदलून पुढचे गाव गाठावयाचे, तासभर उपचार घ्यावयाचा आणि दिवस मावळताना परतावयाचे. एका फेरीत दोन माणसांची मजुरी बुडते. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत फेरी चुकते. चुकलेल्या फेऱ्या वाढत जातात आणि 'पालकच येत नाहीत' असा शेरा कागदावर पडतो. वस्तुतः पालक थकलेले असतात. त्यांना बेफिकीर ठरविणे हा अन्याय आहे.

या थकव्यात घरातील बोलण्याची भर पडते. ग्रहण पाळले नाही, कुणाची दृष्ट लागली, पूर्वकर्म भोवले, असे शब्द जवळजवळ नेहमी आईलाच ऐकावे लागतात. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, अवेळी जन्म, जंतुसंसर्ग, मेंदूपर्यंत चढलेली कावीळ या कारणांत तिचा दोष कोठे आहे? ज्या समाजात मातृत्वाची थोरवी गायली जाते, त्या समाजाला हे बोलणे शोभत नाही. मुलाच्या उपचारात बापाने निम्मा वाटा उचलणे हे उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.

एवढ्या थोड्या मुलांसाठी तालुक्यात वेगळी व्यवस्था कशी परवडेल, असा प्रश्न व्यवहारी माणसे विचारतात. तो गैर नाही. म्हणून हिशेबच मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३८ हजार बाळे जन्मतात. सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण हजारी दोन ते तीन इतके मानले जाते. म्हणजे दरवर्षी पाऊणशे ते सव्वाशेच्या दरम्यान मुलांची भर. जिल्ह्यात तालुके १३. सहा वर्षांखालील मुले मोजली, तर एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी पस्तीस ते पन्नास मुले येतात. आणि ही संख्या केवळ एका व्याधीची. इतर कारणांनी मागे पडलेली मुले वेगळीच. एका उपचारकाला आठवडाभर पुरून उरेल एवढे हे काम आहे. मुले थोडी आहेत असे वाटते, कारण ती घराबाहेर दिसत नाहीत.

कायदा आहे, साखळीही आहे

या बाबतीत कायद्याची उणीव नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमात, उत्पन्नाच्या विहित मर्यादेस अधीन राहून, दिव्यांगांना राहत्या परिसरात आणि विशेषतः ग्रामीण भागात मोफत आरोग्यसेवा देण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. 'राहत्या परिसरात' हे शब्द खामगावच्या संदर्भात महत्त्वाचे आहेत. पन्नास किलोमीटरवरची सेवा ही परिसरातील सेवा होत नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि त्यात नियमित थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. ही गोष्ट किती कुटुंबांना ठाऊक आहे?

मुले शोधण्याची साखळीही उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. हालचालींतील विलंब हा त्यांच्या यादीतील विषय आहे. पुढील उपचारासाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, जेथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा-उपचारक, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी अपेक्षा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग यशस्वी केला, त्याच्याच धर्तीवर आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी त्यांनी घरभेट द्यावी असे धोरण आहे. मान सावरणे, बसणे, उभे राहणे या सर्व पायऱ्या नेमक्या याच काळातील.

तेव्हा साखळीचे एक टोक अंगणवाडीत आहे, दुसरे जिल्ह्याला आहे. मधली कडी, म्हणजे तालुका, तेवढी निसटलेली आहे. मूल सापडते, त्याच्या नावाची नोंद होते, चिठ्ठी लिहिली जाते आणि त्या चिठ्ठीपुढे पन्नास किलोमीटरचा रस्ता उरतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हे अधिकच खटकणारे आहे. व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, आशियातील पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर कुटुंबात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी ते उभे केले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. या विद्येचा देशातील उगम मुंबईत झाला आणि तरीही तिचा प्रवाह तालुक्यापर्यंत येता येता आटला.

हरंगुळने दाखविलेली वाट

हा प्रवाह ग्रामीण भागात नेता येतो, याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. लातूरजवळील हरंगुळ येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचे 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र चालते. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेली ही समिती १९९३ च्या भूकंपानंतर त्या परिसरात रुजली. भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची सोय तिने हरंगुळलाच केली आणि पुढे त्याच भूमीवर या विशेष मुलांसाठी काम उभे राहिले. उपचार आणि शिक्षण यांची तेथे सांगड आहे. लातूर काही मुंबई-पुणे नव्हे. जे हरंगुळसारख्या गावात साधले, ते खामगावात अशक्य मानण्याचे कारण नाही. २००८ साली नागपुरात स्थापन झालेली 'सक्षम' ही संस्था दिव्यांगांच्या क्षेत्रात देशभर काम करते. तिच्या कार्यकर्त्यांचे जाळेही या कामी उपयोगी पडावे.

खामगावच्या बाजूने तर अनेक गोष्टी अनुकूल आहेत. चांदीच्या व्यवहारामुळे रजतनगरी म्हणविणारे, शासकीय रुग्णालय, जुन्या शिक्षणसंस्था आणि मोठे कारखाने असलेले हे सुमारे ९४ हजार वस्तीचे शहर आहे. सेवेचा आदर्श म्हणून ज्याकडे महाराष्ट्र पाहतो, ते शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान अगदी शेजारी आहे. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नगर परिषदा आणि ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा नियम आहे. हा निधी पुष्कळदा एकरकमी वाटपात संपतो. त्याचा काही भाग उपचारकाच्या मानधनासाठी कायमस्वरूपी वळविला, तर त्याचे मूल्य कितीतरी वाढेल.

काम कोठून सुरू करावयाचे? प्रथम यादी. अंगणवाडी सेविका, आशा आणि शाळांतील विशेष शिक्षक यांच्याकडे नावे विखुरलेली आहेत. ती पालकांच्या संमतीने एकत्र आणावीत. मग जागा. तळमजल्यावरचे, पायऱ्या नसलेले दोन खोल्यांचे घर, काही सतरंज्या, आरसा, बाक, समांतर दांड्या, एवढ्यावर आरंभ होतो. महागड्या यंत्रांची वाट पाहू नये. तिसरी गोष्ट म्हणजे तज्ज्ञ. पूर्णवेळ माणूस मिळेपर्यंत अकोल्याहून वा अन्य शहरातून आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी येणारा उपचारक नेमावा आणि हे दिवस बाजाराच्या वारासारखे पक्के असावेत. त्याची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे ना आणि लहान मुलांसोबतच्या कामाचा अनुभव आहे ना, हे पाहण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. जो उपचारक दार बंद करून व्यायाम देतो आणि आईला काहीच शिकवीत नाही, त्याच्याविषयी शंका घ्यावी. चौथी गोष्ट वाहन. खेड्यांतून मुले आणणारी एक गाडी पन्नास कुटुंबांची मजुरी वाचवील. आणि पाचवी, आईवडिलांचा मेळावा. आपल्यासारखीच दुसरी आई भेटली, की अर्धा भार हलका होतो.

दोन आक्षेपांचा विचार येथे केला पाहिजे. पहिला असा, की समाजाने हे काम उचलले तर शासन अंग काढून घेईल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच समाजाचे केंद्र शासकीय साखळीला जोडलेले असावे. आज मदतीचे आणि उद्या हक्काचे, असे त्याचे स्वरूप असावे. पंचविसाव्या कलमाची मागणी चालू ठेवूनही आजच्या मुलाला आजच उपचार देता येतो. मागणी मान्य होईपर्यंत त्याचे वय थांबत नाही. दुसरा आक्षेप अर्धवट प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हातून इजा होण्याचा. तोही योग्य आहे. खुब्याचा सांधा निखळू लागलेल्या मुलाला चुकीच्या रीतीने ताणले, तर नुकसानच होईल. कार्यकर्त्याने बोलवावे, आणावे, आठवण द्यावी, धीर द्यावा. उपचाराची आखणी तज्ज्ञानेच करावी. सेवेचा उत्साह हा ज्ञानाला पर्याय होऊ शकत नाही.

चालणे म्हणजेच यश नव्हे

शेवटी अपेक्षांविषयी. मेंदूला झालेली इजा उपचाराने पुसली जात नाही. कॅनडातील तज्ज्ञांनी १९९७ साली अशा मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या आखून दिल्या. पहिल्या पायरीवरचे मूल धावू शकते, पाचव्या पायरीवरच्या मुलाला मान सावरण्यासही आधार लागतो. प्रत्येक मूल चालेल, असे आश्वासन प्रामाणिक उपचारक देणार नाही. मग उपचाराचा लाभ काय? पाचव्या पायरीवरचे मूल योग्य खुर्चीत ताठ बसू लागले, तर ते न ठसकता जेवते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहते, वर्गात बसते. त्याचे सांधे आखडत नाहीत, त्याला वेदना कमी होतात, त्याला उचलताना आईची पाठ मोडत नाही. हे लाभ लहान नाहीत.

मिठू अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना बोलणे व चालणे कठीण, टंकलेखनासाठी हाताशी एक करंगळीएवढे बोट. पण त्या एका बोटामागे लहानपणापासून मिळालेले उपचार, शिक्षण आणि हार न मानणारे घर होते. पिंपळगाव राजाच्या एखाद्या मुलाकडेही तेवढीच बुद्धी असू शकेल. उणीव आहे ती भोवतालच्या व्यवस्थेची.

दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या गाठींसाठी जलंबपासून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला. परक्या सत्तेला कापूस मोलाचा वाटला आणि तिने तो दारात येऊन उचलला. आपली मुले आपल्याला त्याहून मोलाची आहेत, असे आपण म्हणतो. ते सिद्ध करावयाचे असेल, तर अंगणवाडीतील नोंद आणि जिल्ह्याचे केंद्र यांच्यामधला तेवढाच छोटा फाटा आता स्वकीयांनी टाकावयाचा आहे. यंदा जन्मलेले बाळ पुढल्या वर्षी बसण्याच्या वयाचे असेल. त्याच्यासाठी दोन खोल्या, एक सतरंजी आणि आठवड्यातील दोन वार, एवढ्यापासून प्रारंभ करण्यास कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.